गॅस संपला की गॅस बदलला? जुन्या गाडीच्या एसीची गोष्ट

कानात हेडफोन असो की हातात मोबाइलची स्क्रीन, आज आपण बॉनेटखाली डोकावणार आहोत.

समजा, तुम्ही हौसेनं नव्वदच्या दशकातली एक गाडी घेतलीत. इंजिन झकास, पण एसी लावला की नुसता पंखा. मेकॅनिक म्हणतो, "गॅस संपलाय, भरून देतो." दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग म्हणतो, "कॉम्प्रेसर गेला." बिलाचा आकडा ऐकून आपणच गार पडतो!

एक गोष्ट आधीच सांगतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला, तर कुठून तरी गळतोय. पण जुन्या गाडीत याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: गॅस कुठला? आणि त्याचं उत्तर मेकॅनिकपेक्षा इतिहास जास्त नीट देतो.

कारखान्यातूनच एसी बसवून गाडी विकायची सुरुवात केली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं, 1940 च्या मॉडेलमध्ये. किंमत 274 डॉलर, त्या काळात चिक्कार पैसे. कूलिंग कॉइल डिकीत, सामानाची जागा अडवून बसलेली. आणि खरी मजा पुढे आहे. कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता! एसी पूर्ण बंद करायचा तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा. हा प्रकार फार वर्षं चालला नाही, हे वेगळं सांगायला नको. 1954 मध्ये नॅश कंपनीनं हीटर आणि एसी एकत्र करून सगळा संसार गाडीच्या पुढच्या भागात आणला. नॅश आणि फ्रीजवाली केल्व्हिनेटर या एकाच घरच्या कंपन्या. गाडीतला एसी म्हणजे पट्ट्यावर चालणारा फ्रीजच की!

या सगळ्यांच्या पोटात फिरणारा गॅस होता आर-12. लोक त्याला फ्रीऑन म्हणायचे. त्याआधीच्या फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी गॅस असत आणि गळती झाली की माणसं मरत. 1928 मध्ये थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोडगा काढला: न पेटणारा, विषारी नसलेला गॅस. 1930 मध्ये मिजलीनं शास्त्रज्ञांसमोर तो छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटत नाही, एका फुंकरीत दोन्ही सिद्ध. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची. एका माणसाच्या नावावर हवेचे दोन घोळ!)

घोळ लक्षात यायला जवळपास पन्नास वर्षं लागली. 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी मांडलं की हा गॅस खाली कशानंच मोडत नाही, म्हणून तो वर जातो, आणि तिथं त्यातलं क्लोरीन ओझोन खातं. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर आलं. 16 सप्टेंबर 1987 ला माँट्रिअल करार झाला. भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला, आणि आपल्याकडे नव्या गाड्यांच्या एसीत हा गॅस वापरायला 1 जानेवारी 2003 पासून बंदी आली. त्याच्या जागी आला आर-134ए.

म्हणजे तुमची नव्वदच्या दशकातली गाडी नेमकी या सांध्यावरची. काही गाड्यांत जुना गॅस, काहींत नवा. नुसत्या मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधू नका. बॉनेटखालचं स्टिकर वाचा. ते गेलं असेल तर गॅस भरायची तोंडं बघा: जुन्याला आट्यांची, नव्याला खटकन बसणाऱ्या कपलरची. अर्थात, मधल्या काळात कुणी ती बदललेलीही असू शकतात, म्हणून आधीच्या मालकालाही विचारा.

आता पैसे कुठे बुडतात ते ऐका. आर-12 सोबत कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असायचं. गॅस फिरताना ते तेलही सोबत नेतो आणि परत आणतो. आर-134ए त्या तेलात मिसळतच नाही. नुसता गॅस बदलून भरला, की तेल कॉइलमध्ये साचून बसतं, कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि जाम होतो. मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेसर खराब होता. अहो, खराब नव्हता, उपाशी होता! नवा कॉम्प्रेसर आणून बाकी सगळं तसंच ठेवलं, तर त्याचंही तेच होणार.

म्हणून बदल करायचा तर पूर्ण करायचा. जुनं तेल काढून नव्या गॅसला चालणारं तेल, बहुतेक वेळा एस्टर. ड्रायर नवाच, कारण ओलावा शोषणारे जुने दाणे नव्या गॅसला चालत नाहीत. सांध्यांवरच्या ओ-रिंग नव्या. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा, गळती तपासायची आणि त्यानंतरच गॅस. तोही जुन्यापेक्षा कमी, साधारण 80 ते 90 टक्के. दोन्ही गॅस एकत्र तर कधीच करू नका. प्रेशर भलतंच वाढतं.

एवढं करूनही दादरच्या ट्रॅफिकमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, गारवा पूर्वीइतका मिळेलच असं नाही. उन्हात नव्या गॅसचं प्रेशर जास्त चढतं आणि जुना कंडेन्सर तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. माझं मत विचाराल, तर बजेटमध्ये आधी कंडेन्सर आणि त्याच्या पंख्याला जागा ठेवा, महागड्या कॉम्प्रेसरला नंतर.

आणि कुणी "स्वस्तात होईल" म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखं काही भरायला निघाला, तर चावी परत मागून घ्या. कॉइल डॅशबोर्डच्या आत, तुमच्या गुडघ्यांपाशी असते. तिथे पेटणारा गॅस गळायला नको.

जुना गॅस सिस्टीममध्ये उरला असेल तर तो मशीननं सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा, हवेत सोडू देऊ नका. आर-12 वातावरणात शंभरेक वर्षं टिकतो. 1995 मध्ये एखाद्या गॅरेजात फुस्स करून सोडलेला गॅस अजून आपल्या डोक्यावरच आहे.

तुमच्या गाडीच्या स्टिकरवर काय लिहिलंय, ते खाली कळवा. भेटू पुढच्या भागात.