नर्सच्या सहीने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येतं का?

घरातला माणूस चार दिवस जेवलेला नाही, जीव द्यायची भाषा करतो आणि दवाखान्यात यायला साफ नकार देतो. त्याला मर्जीविरुद्ध भरती करायचा अधिकार कुणाला? ‘डॉक्टरला’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

29 मे 2018 पासून आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 लागू आहे. त्याच्या कलम 89 नुसार अर्ज रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा असतो. मग दोन जणांनी रुग्णाला त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत वेगवेगळं तपासायचं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. दुसरा कुणी डॉक्टर चालतो किंवा ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’, आणि नर्सचा संबंध येतो तो इथे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली मानसिक आरोग्य परिचारिका या व्याख्येत बसते. म्हणजे वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला हा अधिकार नाही. स्वतःला इजा, दुसऱ्यावर हिंसा किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, असा धोका दोघांनाही दिसला तरच भरती होते, तीही जास्तीत जास्त 30 दिवस. नुसतं ‘विचित्र वागतो’ हे कारण चालत नाही.

खरी ताकद आहे कलम 88 मध्ये. स्वतःहून भरती झालेला रुग्ण ‘मला घरी जायचंय’ म्हणाला की त्याला सोडावं लागतं. पण वरच्यासारखा धोका दिसला, तर मानसिक आरोग्य व्यावसायिक त्याला 24 तास थांबवू शकतो, कलम 89 ची तपासणी व्हावी म्हणून. इथे दुसऱ्या सहीची अट नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1983 च्या कायद्याने नर्सला असाच अधिकार दिलाय, पण फक्त सहा तासांचा! आपल्याकडची मुदत चौपट, आणि तिच्याबद्दल बोलतं कोण?

रुग्णाला बांधून ठेवायची परवानगी मात्र नर्स देऊ शकत नाही; ती मानसोपचारतज्ज्ञाचीच लागते. 30 दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात.

कलम 89 खालच्या प्रत्येक भरतीची खबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत द्यावी लागते. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीन दिवसांत. भरती चुकीची वाटली तर रुग्ण स्वतः किंवा त्याचा प्रतिनिधी याच मंडळाकडे दाद मागू शकतो. त्यासाठी मोफत कायदेशीर मदत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.