दिग्दर्शिकांच्या वाटा

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा तारामतीसाठी स्त्री न मिळाल्याने ती भूमिका अण्णा साळुंके यांना करावी लागली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली, आणि अभिनयापुरती तरी स्त्रियांना मुभा मिळाली. दिग्दर्शनाची सनद मात्र इतक्या सहजी हाती येणारी नव्हती. कंपन्यांच्या त्या काळात दिग्दर्शक घडे तो उमेदवारीतून. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत करीत शांतारामबापू दिग्दर्शक झाले, आणि ही वहिवाट अलिखित असली तरी पुरुषांपुरतीच होती.

त्यामुळे प्रथम आल्या त्या स्वतःच मालक होऊन. फातमा बेगम यांनी मुंबईत स्वतःची कंपनी काढून १९२६ मध्ये ‘बुलबुले परिस्तान’ हा अद्भुतरम्य मूकपट दिग्दर्शित केला. शोभना समर्थांनी १९५० मध्ये ‘हमारी बेटी’ काढला, तो कन्या नूतन हिला पडद्यावर आणण्यासाठी. नटी म्हणून मिळविलेली कीर्ती आणि पदरचे भांडवल याच त्यांच्या शिफारशी होत्या.

पुढील पिढीच्या मराठी दिग्दर्शिकांजवळ भांडवल नव्हते; होती ती अन्यत्र संपादन केलेली विद्या, आणि त्यांच्या विषयांचे मूळही तेथेच सापडते. विजया मेहता ‘रंगायन’च्या रंगभूमीवरून आल्या. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’ या नाटकावरून त्यांनी केलेल्या ‘रावसाहेब’मध्ये एका जुन्या वाड्याच्या चार भिंतींत, विलायतेत शिकूनही रूढीपुढे हतबल होणारा पुरुष आणि वैधव्याने बांधलेल्या स्त्रिया समोरासमोर येतात. सई परांजपे यांची उमेदवारी झाली ती आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय व दूरदर्शन येथे. सामान्यांच्या बोलण्याकडे कान देण्याची तेथील सवय ‘कथा’तील चाळीत विनोदाचे रूप घेते, आणि ‘दिशा’त तीच सवय दुष्काळी गाव सोडून मुंबईच्या गाळ्यात दाटीने राहणाऱ्या गिरणी कामगारांची कैफियत मांडते. ‘स्पर्श’मधील अंध मुख्याध्यापकाला साहाय्यापेक्षा साहाय्यामागील दया अधिक बोचते, हे सूक्ष्म निरीक्षणही त्याच कानाचे.

सर्वांत निराळी वाट सुमित्रा भावे यांची. समाजकार्याच्या अध्यापिका व संशोधक असलेल्या भावे यांना झोपडपट्टीतील स्त्रियांचा अभ्यास करताना अशी अडचण जाणवली की, ज्या स्त्रियांविषयी प्रबंध लिहावयाचा, त्यांतील पुष्कळजणींना तो वाचताच येणार नाही. म्हणून त्यांनी चित्रपटाचा आश्रय घेतला आणि १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट तयार झाला. पुढे सुनील सुकथनकर यांच्या साहचर्याने केलेल्या चित्रपटांतही संशोधिकेची दृष्टी हरपली नाही. ‘दोघी’मध्ये घराच्या पोटासाठी मोठ्या मुलीला मुंबईच्या देहविक्रयात ढकलले जाते आणि तेच घर तिच्याकडे पाठ फिरविते, ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश, तर सुवर्णकमळ मिळविणाऱ्या ‘कासव’मध्ये नैराश्य येते. या सर्वांत रोगाइतकाच प्रश्न शुश्रूषेचा आहे: दुर्बळाचा भार कुटुंबात कोणी वाहावा, कुटुंब अपुरे पडल्यास कोणी पुढे व्हावे, आणि त्या भाराची दखल कोणी घ्यावी?

म्हणून या कृती ‘स्त्रियांचे चित्रपट’ या एकाच सदरात नोंदवून दफ्तर बंद करणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. अंधत्व, गिरणगाव, विस्मृती हे काही केवळ स्त्रियांचे विषय नव्हेत. स्टुडिओच्या उमेदवारीतून त्या आल्या असत्या, तर कदाचित त्याच साच्यातील कथा सफाईने सांगावयास शिकल्या असत्या. त्या वहिवाटीबाहेर राहिल्यामुळेच नाट्यगृह, नभोवाणी आणि वस्तीतील संशोधन यांचा अनुभव आपल्या चित्रपटसृष्टीस मिळाला. व्यवसायाने त्यांना बाहेर ठेवले यात त्याचे कर्तृत्व काहीच नाही; लाभ मात्र त्याचाच झाला.