दारावरचा जॉबर, खिशातला जॉबर



गणपतीच्या आधी वैभववाडीच्या स्टेशनावर उभे राहून पहा. मुंबईची गाडी थांबते आणि फलाट चाकरमान्यांनी भरून जातो. त्यातल्या एखाद्या तरण्या पोराला विचारा, "काय करतोस रे मुंबईत?" तो म्हणेल, "लोकांच्या घरी जेवण पोचवतो." "कामावर कोणी ठेवलं?" असे विचारलेत, तर तो खिशातला मोबाईल काढून दाखवील!

तुम्हांला याचे नवल वाटेल. पण 'कामावर ठेवतो कोण?' हा प्रश्न कोकणाला नवा नाही. त्यासाठी त्या पोराच्या पणजोबाच्या काळात जायला हवे.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी कोकणातली माणसे तिकडे निघाली. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि गिरण्यांना माणसे पुरवण्यात रत्नागिरी आघाडीवर होती. या माणसांना कामावर घेई कोण? मालक नव्हे, साहेब नव्हे, तर जॉबर! बरेचदा तो आपल्याच मुलखातला असायचा. नव्या माणसाला तो खोली दाखवी, अडीनडीला पैसे देई. पण त्याची दस्तुरी चुकली की काम गेलेच म्हणून समजा. बदली कामगार तर रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. जॉबरने बोट दाखवले तर पोटाला, नाही तर आल्या वाटेने परत.

१९३१ साली रॉयल कमिशनने सांगितले, की माणसे नेमण्याचा अधिकार जॉबरकडे ठेवू नये. १९३५ साली मुंबईत बदली कामगारांना कार्डे मिळू लागली. कार्ड ते काय, कागदाचा तुकडा! पण त्यावर नाव आले, आणि माणूस कुणाच्या मर्जीवरून थोडा तरी नोंदीवर आला. पहिल्या गिरणीपासून एवढे घडायला एकोणऐंशी वर्षे लागली.

कार्डाने नोकरी वाचते का? नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर कित्येकांचे काम कायमचे गेले आणि पुष्कळजण गावी परतले. पण पुढे गिरणी कामगारांसाठी घरांची योजना आली, तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला, की गिरणीत काम केल्याचा पुरावा काय? ज्याने जुने कार्ड, पगाराची चिठ्ठी ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवली, त्याला उत्तर देता आले. ज्याची चिठ्ठी वाळवीने खाल्ली, त्याला खेटे घालावे लागले.

आता मोबाईलमधल्या जॉबरकडे वळू. तो जात विचारत नाही, गाव विचारत नाही, दिवाळीची भेटही मागत नाही. हे चांगलेच झाले. पण काम कुणाला, किती आणि काय दराने, हे तो आतल्या आत ठरवतो. जुन्या जॉबरचे घर तरी ठाऊक असायचे. रात्री जाऊन हात जोडता यायचे, वेळ पडली तर चार शब्द सुनावताही यायचे. या जॉबरने खाते बंद केले तर जायचे कुणाच्या दारी?

कायदा हळूहळू जागा होतो आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचे नाव प्रथमच आले. काम पुरवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या निधीत घालावी, असे त्यात म्हटले आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. म्हणजे नाव आले. आता हक्क हाती यायचा आहे.

गुरुजी, तुमच्या वर्गातली मुले उद्या याच गाडीत बसतील. मोबाईल चालवायला ती आपणहून शिकतात. त्यांना एवढे मात्र शिकवा, की ई-श्रमवर नाव घाला आणि केलेल्या कामाची, मिळालेल्या पैशांची नोंद जपून ठेवा. आजोबांची ट्रंक होती, नातवाने वही ठेवावी. यंत्र बदलते, मालक बदलतो. पुरावा मागणारा मात्र केव्हा ना केव्हा येतोच.