शेळीपालनासाठी कुंपण कसं निवडाल? काटेरी तार नको, खालच्या दोन फुटांकडे लक्ष द्या

धाराशिव : उस्मानाबादी शेळी ही आपल्या जिल्ह्याची ओळख. काळी, काटक, जुळी करडं देणारी आणि दुष्काळातही तग धरणारी. तुळजापूर तालुक्यातील तीर्थ येथे शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्रही आहे. शेळी घेताना आपण दात बघतो, कास बघतो, घासाघीस करतो. पण कुंपणाची वेळ आली की घरात पडलेली काटेरी तार ओढून मोकळे होतो. मी पण तेच केलं होतं. चार ओळी काटेरी तार लावली. एका पावसाळी रात्री कुत्र्यांनी खालच्या तारेखालून माती उकरली. सकाळी तीन करडं आणि एक गाभण शेळी गेलेली. तार जागच्या जागी होती, एकही तुटली नव्हती.

त्यामुळे आधी एक गोष्ट ठरवा. कुंपण कशासाठी? शेळी बाहेर जाऊन शेजाऱ्याची तूर खाऊ नये म्हणून, की बाहेरचं जनावर आत येऊ नये म्हणून? दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्हींचा खर्चही वेगळा आहे.

शेळीच्या सवयी

शेळी गाय-म्हशीसारखी तारेला बिचकत नाही. ती पुढचे पाय जाळीवर टेकून उभी राहते, अंग घासते, फट दिसली की तोंड घालते. करडू तर वीतभर फटीतून निघून जातं. काटेरी तारेत कास फाटते, कान चिरतो, जखमेत किडे पडतात. चार इंची चौकोनाच्या जाळीत डोकं आत जातं, पण शिंगं अडकतात आणि माघारी येत नाही. रात्री कुणी बघितलं नाही तर जनावर तडफडून मरतं. म्हणून खालच्या दोन फुटात चौकोन दोन इंचाचाच हवा.

आत येणारे कोण?

सगळ्यात जास्त भीती गावातल्या मोकाट कुत्र्यांची. कुत्रं उडी कमी मारतं, उकरतं जास्त. माळरानाच्या भागात लांडगा आहे, तो उकरतोही आणि उडीही घेतो. बिबट्या जाळी चढतो. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला, हे सगळ्यांना आठवत असेल. बिबट्या-वाघापुढे उघडं कुंपण कितीही उंच असलं तरी उपयोगाचं नाही. तिथे रात्री वरून झाकलेला, पक्क्या दाराचा गोठाच पाहिजे.

कोणतं कुंपण कशाला?

१) काट्याची वई : बोरी-बाभळीच्या काट्यांची. पैसा लागत नाही, पण दरवर्षी नवी करावी लागते. उन्हाळ्यात वाळली की पेट घेते. दिवसा शेळ्या थोपवायला ठीक, रात्रीला नाही.

२) काटेरी तार : पिकाच्या बांधाला, मोठ्या जनावराला ठीक. शेळीला नाही. आधीच असेल तर काढू नका, आतून जाळी लावा.

३) चेनलिंक जाळी : शेळीसाठी सगळ्यात भरवशाची. उंची पाच ते सहा फूट, चौकोन दोन इंच. तारेचा गेज विचारा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे बरेच जण उलटं समजतात. १० गेज म्हणजे साधारण सव्वातीन मिलिमीटर, १२ गेज अडीच मिलिमीटरच्या थोडी वर, १४ गेज दोन मिलिमीटर. शेळ्या पाय देऊन उभ्या राहतात म्हणून १२ गेजपेक्षा बारीक घेऊ नका. तार जस्त चढवलेली, म्हणजे जीआय, असावी.

४) सोलर झटका मशीन : रानडुकरांसाठी बऱ्याच जणांनी घेतलंय. थांबून थांबून झटका देतं, त्यामुळे जनावर भितं, मरत नाही. जाळीच्या बाहेरून जमिनीपासून वीतभर उंचीवर एक तार ओढली तर उकरणारं कुत्रं मागे सरतं. तारेला गवत टेकलं की झटका कमी होतो, म्हणून खाली साफ ठेवा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगजवळ पाणी ओता. लाईटच्या खांबावरची वीज मात्र थेट तारेत कधीच सोडू नका. त्यात माणसं मेली आहेत, आणि मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

५) जिवंत कुंपण : घायपात, चिल्लार, सागरगोटा लावा. दाट व्हायला दोन-तीन वर्षं जातात. सुबाभूळ, शेवरी कुंपणाला लावली तर शेळ्याच खाऊन टाकतात, ती चाऱ्यासाठी वेगळी लावा.

६) वाघूर : धनगर बांधव मेंढ्या बसवायला लावतात ती जाळी. शेतात खतासाठी शेळ्या बसवायच्या तर उत्तम, पण राखण करणारा माणूस आणि कुत्रं सोबत पाहिजे.

किती लागेल, हिशोब करा

एक एकर चौकोनी रान असेल तर घेर साधारण ८३५ फूट भरतो. तेच एक एकर ६६ फूट रुंदीची लांब पट्टी असेल तर घेर १,४५२ फूट. रान तेवढंच, जाळी पावणेदोन पट.

आता दुसरा हिशोब बघा. मोठ्या शेळीला गोठ्यात १० ते १२ चौरस फूट आणि बाहेर मोकळी जागा २० ते २५ चौरस फूट धरतात. वीस शेळ्यांना मोकळी जागा ५०० चौरस फूट, म्हणजे २० बाय २५ फूट. घेर फक्त ९० फूट, दहा फुटाला एक धरला तर खांब नऊ. म्हणून पैसा कमी असेल तर सगळ्या रानाला हलकं कुंपण करू नका. रात्रीच्या वाड्याला भारी कुंपण करा. दिवसा आपण सोबत असतो.

लावताना चुकू नका

काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खांब कलतो. खड्डा दोन फूट घ्या, खांब काँक्रीटमध्ये बसवा. कोपऱ्याच्या खांबांना दोन्हीकडून टेकू द्या, कारण सगळा ताण त्यांच्यावर येतो. जाळीला वर, मध्ये आणि खाली तार ओवून ताणा. जाळी एक फूट जमिनीत गाडा. कातळ असेल तर बाहेरच्या बाजूला जमिनीवर अंथरून वर दगड रचा. फाटकाखालची फट विसरू नका, बहुतेक कुत्री तिथूनच शिरतात. तिथे फरशी किंवा सिमेंटचा उंबरा करा. रोज संध्याकाळी एक चक्कर मारा.

अनुदान आणि भरपाई

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या व ५ बोकडांच्या गटापासून पुढे ५० टक्के भांडवली अनुदान आहे, या गटाला कमाल १० लाख रुपये. प्रकल्प अहवाल करतानाच कुंपणाचा खर्च त्यात धरता येतो का, हे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारून घ्या.

लांडगा, बिबट्या किंवा वाघाने शेळी मारली तर वन विभाग भरपाई देतो. त्यासाठी ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, मेलेलं जनावर हलवू नका, फोटो काढा, पंचनामा करून घ्या. मोकाट कुत्र्याने मारलं तर ही भरपाई मिळत नाही. आणि आपल्याकडे जास्त नुकसान कुत्र्यांचंच होतं. त्यामुळे पहिला खर्च जाळीच्या खालच्या दोन फुटांवर आणि जमिनीखालच्या एका फुटावर करा. उंची नंतरही वाढवता येते.