डॅनव्हिल नको म्हणालं, मग नॅशुआ

बॉस्टनच्या आसपास राहून आलेल्या मराठी लोकांना नॅशुआ हे गाव बहुतेक एकाच कारणासाठी माहीत असतं: खरेदी. न्यू हॅम्पशायर राज्यात सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे मॅसॅच्युसेट्सची जनता लॅपटॉप घ्यायचा झाला की सीमा ओलांडून नॅशुआच्या मॉलमध्ये जाते. हा मॉल हद्दीला इतका खेटून आहे की इमारत टॅक्सवाल्या राज्यात जाऊ नये म्हणून तिचा एक कोपराच कापलाय. पार्किंगचा भाग मात्र पलीकडे. असो. याच गावानं १९४६ साली एक असं काम केलं जे तेव्हा अमेरिकेतली बहुतेक गावं करायला तयार नव्हती, आणि तेही एका तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या बेसबॉल संघासाठी. आजचा लेख त्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपण क्रिकेटवाले. बेसबॉलमध्ये मोठ्या क्लबच्या हाताखाली छोट्या छोट्या गावांमधून संघ असतात. खेळाडू मोठ्या क्लबचे, त्यांचा पगार मोठा क्लब देतो, कोणाला बढती द्यायची तेही तोच ठरवतो. गावाकडे काय? स्टेडियम, तिकीटविक्री, सोडा आणि हॉट डॉग. रणजीशी याची तुलना करू नका. मुंबईचा रणजी संघ मुंबईचा असतो. इथे गावाचा संघ खरं म्हणजे गावाचा नसतोच, आणि तरी गाव त्याच्यासाठी जीव टाकतं. या पद्धतीला फार्म सिस्टिम म्हणतात. शेत, म्हणजे पोरं तिथे पिकवायची.

हे शेत पहिल्यांदा नीट नांगरलं ब्रँच रिकी या माणसानं. १९२० च्या सुमारास तो सेंट लुईस कार्डिनल्समध्ये होता आणि क्लबकडे पैसा नव्हता. चांगला खेळाडू दिसला की श्रीमंत क्लब जास्त बोली लावून घेऊन जायचे. रिकीनं विचार केला, विकत घेता येत नाही ना, मग घरीच तयार करू. ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ, सिरॅक्यूस अशा ठिकाणच्या क्लबमध्ये त्यानं हिस्सा घ्यायला सुरुवात केली. पुढे या साम्राज्याचा आकार इतका वाढला की १९३८ साली बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी कार्डिनल्सच्या ७० हून जास्त खेळाडूंना एका फटक्यात मोकळं केलं. लपवाछपवी चालली होती, दुसरं काय. रिकी साधुसंत नव्हता हे इथेच नोंदवून ठेवतो, पुढे लागेल.

१९४२ च्या शेवटी रिकी ब्रुकलिन डॉजर्समध्ये आला. लँडिस १९४४ मध्ये वारले. ऑगस्ट १९४५ मध्ये रिकीनं जॅकी रॉबिन्सनला ऑफिसात बोलावलं, आणि २३ ऑक्टोबर १९४५ ला जाहीर झालं की हा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्सच्या माँट्रियलच्या संघाकडून खेळणार. विसाव्या शतकात संघटित बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीयांना दारं बंद होती. लेखी नियम नव्हता. सगळ्यांना माहीत होतं, बस.

आता इंजिनिअरच्या डोक्यानं बघा. रॉबिन्सनला थेट ब्रुकलिनला, म्हणजे प्रॉडक्शनवर, का नाही टाकलं? कारण रिकीला आधी स्टेजिंग हवं होतं. आणि स्टेजिंग म्हणून माँट्रियल आदर्श होतं: देश वेगळा, भाषा फ्रेंच, आणि शेजारच्या देशातले वांशिक नियम तिथे जसेच्या तसे लागू नाहीत. कॅनडात भेदभाव नव्हता असं अजिबात नाही. पण रॉबिन्सन दांपत्याला गोऱ्यांच्या वस्तीत घर भाड्यानं मिळालं, हे अमेरिकेतल्या किती शहरांत झालं असतं?

फरक किती होता ते सीझनच्या आधीच कळलं होतं. सराव फ्लोरिडात. डेटोना बीचनं त्याला खेळू दिलं. सॅनफर्ड गावातून मात्र त्याला दोन दिवसांत गाशा गुंडाळावा लागला. जॅक्सनव्हिलला मॅचच्या दिवशी संघ पोहोचला तर स्टेडियमला कुलूप. डीलँडनं सगळ्यात भारी कारण दिलं: स्टेडियमचे दिवे चालत नाहीत. मॅच दुपारची होती. (सरकारी ऑफिसात काम अडलेल्या कोणालाही ही शैली ओळखू येईल.) १८ एप्रिल १९४६ ला जर्सी सिटीत रॉबिन्सननं पहिल्या अधिकृत सामन्यात चार हिट्स मारल्या, त्यात एक होम रन, आणि माँट्रियल १४-१ नं जिंकलं. सीझनअखेर ०.३४९ सरासरी, लीगमध्ये पहिला नंबर.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सिनेमे निघालेत. मला जास्त रस आहे तो त्याच वर्षीच्या दुसऱ्या दोघांत.

रॉय कँपानेला, फिलाडेल्फियाचा कॅचर. वडील इटालियन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. शाळेत असतानाच व्यावसायिक बेसबॉल खेळायला लागला, पुढे बाल्टिमोर एलिट जायंट्सकडून. डॉन न्यूकंब, न्यू जर्सीचा उंचापुरा पिचर, वय १९, नेवार्क ईगल्सकडचा. दोघांना रिकीनं करारात घेतलं. आता यांना ठेवायचं कुठे? सगळ्यांना माँट्रियलला पाठवलं तर एकाच संघावर सगळा भार. दक्षिणेत डॉजर्सचे संघ होते, पण ते विचारातही घेण्यासारखं नव्हतं. मग इलिनॉय राज्यातलं डॅनव्हिल. हे दक्षिणेत नाही, नकाशावर व्यवस्थित उत्तरेत आहे. तिथून नकार आला. हे दोघं आले तर लीगच बंद करू असं लीगच्या अध्यक्षानं कळवलं, असं सांगतात. उत्तर-दक्षिण हा हिशोब किती ढोबळ होता ते यावरून कळतं.

त्याच सुमारास न्यू इंग्लंड लीग पुन्हा सुरू होत होती आणि तिथे डॉजर्सचा नवा संघ उभा करायचं काम बझी बवासी या ३१ वर्षांच्या माणसाकडे होतं. नुकताच इटलीतल्या आघाडीवरून लढाई करून परत आलेला. त्यानं गाव निवडलं ते नॅशुआ.

छोट्या लीगसाठी गाव निवडताना जे पाहतात ते सगळं नॅशुआत बऱ्यापैकी होतं. होलमन स्टेडियम काँक्रीटचं, १९३७ साली फ्रँक होलमन यांच्या देणगीतून आणि मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं. लोकसंख्या ३५,००० च्या आत-बाहेर. कापडगिरण्यांचं गाव, म्हणजे संध्याकाळी शिफ्ट सुटली की प्रेक्षक तयार. लॉरेन्स, लिन, मँचेस्टर ही लीगमधली गावं बसनं जाऊन रात्री परत येण्याइतकी जवळ. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण परत येता येणं म्हणजे परक्या गावात हॉटेल शोधायला न लागणं, आणि कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी हॉटेल हीच पहिली ठिणगी असायची.

पण यादीत एक न लिहिलेली रिक्वायरमेंट होती: इथले लोक काय करतील? गिरण्यांमधले बरेच कामगार क्यूबेकहून आलेले फ्रेंच-कॅनेडियन होते. कृष्णवर्णीय गावात जवळजवळ नव्हतेच. बवासी स्वतः नंतर फ्रेंच-कॅनेडियन वस्तीचं कारण द्यायचा. आणि योगायोग बघा: रॉबिन्सन माँट्रियलला, त्याच वर्षी माँट्रियलहून खाली पाठवलेले जॉन राइट आणि रॉय पार्टलो हे दोन कृष्णवर्णीय पिचर त्रुआ-रिव्हिएर या क्यूबेकमधल्याच गावात. रिकीचे पाचही जण १९४६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या लोकांमध्ये खेळले!

फ्रेंच-कॅनेडियन मनानं मोठे म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. कुठल्याही समाजाला असं सरसकट सर्टिफिकेट देणं मला पटत नाही. मला वाटतं कारण जास्त साधं आहे. १९२० च्या दशकात न्यू इंग्लंडमध्येही कू क्लक्स क्लॅन जोरात होती, आणि तिथे तिचं मुख्य लक्ष्य कॅथलिक होते, म्हणजे आयरिश आणि हेच फ्रेंच-कॅनेडियन. ज्यांच्या बापांना हे अनुभवायला लागलं होतं ते स्टेडियमवर कोणाची चामडी कसली आहे यापेक्षा स्कोअर काय झाला ते पाहत बसले. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

बवासीनं मात्र लोकांच्या चांगुलपणावर सगळं सोडलं नाही, आणि मला त्याचं हेच आवडतं. गावातल्या नॅशुआ टेलिग्राफ या वर्तमानपत्राचे संपादक फ्रेड डोबेन्स यांना त्यानं क्लबचे अध्यक्षच करून टाकलं. म्हणजे गावाचं मत जे पान बनवणार ते पान आधीच आपल्या बाजूला! हुशार माणूस.

सीझन निर्विघ्न गेला नाही. लिनच्या संघाकडून घाणेरड्या शिव्या आल्या. लिन म्हणजे बॉस्टन रेड सॉक्सचा फार्म क्लब. याच रेड सॉक्सनं एप्रिल १९४५ मध्ये रॉबिन्सनला चाचणीला बोलावून पुढे काहीही कळवलं नव्हतं, आणि पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला त्यांना १९५९ उजाडलं, सगळ्या क्लबांमध्ये शेवटचे. एका सामन्यानंतर बवासी सरळ पार्किंगमध्ये जाऊन लिनच्या मॅनेजरला भिडला, आणि हाणामारी होण्याआधी खेळाडूंनी दोघांना बाजूला केलं. दुसऱ्या एका सामन्यात मँचेस्टरच्या खेळाडूनं कँपानेलाच्या तोंडावर माती फेकली. एरवी शांत असणाऱ्या कँपानेलानं त्याला तिथल्या तिथे दम दिला आणि तो प्रकार परत झाला नाही.

संघाचा मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन नावाचा ओहायोचा कमी बोलणारा माणूस होता. स्वतः फर्स्ट बेसवर खेळायचा. त्यानं कँपानेलाला सांगून ठेवलं होतं की मला पंचांनी बाहेर काढलं तर संघ तू चालवायचास. जून १९४६ मध्ये लॉरेन्सला तसंच झालं. संघ मागे होता. कँपानेलानं बदली फलंदाज म्हणून पिचर न्यूकंबला पाठवलं, त्यानं होम रन मारला आणि नॅशुआ जिंकलं. संघटित बेसबॉलमध्ये गोऱ्या खेळाडूंचा संघ एका कृष्णवर्णीय माणसानं चालवायची ही पहिली वेळ मानतात. गावात दंगल वगैरे काही झालं नाही. सीझनमध्ये लिन पहिलं आणि नॅशुआ दुसरं आलं, पण प्लेऑफमध्ये नॅशुआनं लिनलाच हरवून अजिंक्यपद घेतलं. न्यूकंबनं १४ सामने जिंकून दिले, ४ हरला.

आता दुसरी बाजू, जी अशा गोष्टी सांगताना बहुतेक वेळा गाळली जाते. न्यूकंब ज्या नेवार्क ईगल्समधून आला तो क्लब एफा मॅनली आणि तिचा नवरा चालवायचे. रिकीनं न्यूकंबसाठी त्यांना एक पैसा दिला नाही. रॉबिन्सनसाठी कॅन्सस सिटी मोनार्क्सलाही नाही. निग्रो लीगचे करार म्हणजे करारच नव्हेत, असा त्याचा युक्तिवाद. कँपानेलाला नॅशुआत महिना १८५ डॉलर मिळायचे, निग्रो लीगमधल्या त्याच्या कमाईपेक्षा कमी. १९४६ मध्ये न्यूकंबशिवायही ईगल्सनी निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली, पण प्रेक्षक हळूहळू रॉबिन्सनला बघायला ब्रुकलिनला जायला लागले आणि १९४८ नंतर मॅनलींना क्लब विकावा लागला. नॅशुआला संघ मिळाला आणि नेवार्कचा गेला. एफा मॅनली उघडपणे भांडली, आणि २००६ साली हॉल ऑफ फेममध्ये गेलेली ती पहिली स्त्री. रिकीचं धाडस खरं होतं आणि त्याचा कंजूषपणाही खरा होता, एकानं दुसरं खोडलं जात नाही.

नॅशुआचं सुख फार टिकलं नाही. न्यूकंब १९४७ ला परत येऊन अजून एक जबरदस्त सीझन खेळला, १९४८ ला डॅन बँकहेड आला. १९४८ मध्येच टेक्सट्रॉन कंपनीनं गावातल्या गिरण्या बंद करायचं जाहीर केलं, आणि १९४९ च्या सीझननंतर न्यू इंग्लंड लीगच संपली. त्या वर्षी अमेरिकेत छोट्या लीगांची संख्या विक्रमी, म्हणजे ५९ होती. पुढच्या काही वर्षांत टीव्हीनं त्यांतल्या बहुतेक खाल्ल्या. हल्ली गाव निवडायचे निकष वेगळे आहेत. २०२० नंतर मोठ्या लीगनं १६० संघांचे १२० केले तेव्हा ड्रेसिंग रूमचा आकार, विमानतळ आणि अंतर हे पाहिलं गेलं. नॅशुआच्या शेजारचं लॉवेल त्यात उडालं.

ऑक्टोबर १९५५ मध्ये ब्रुकलिननं पहिली आणि एकमेव वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा जनरल मॅनेजर बवासी होता, मॅनेजर ऑल्स्टन (या बाबानं पुढे एकेक वर्षाचे २३ करार केले, काँट्रॅक्टवर असणाऱ्यांनी आदर्श घ्यावा :)), कॅचर कँपानेला आणि त्या वर्षी २० सामने जिंकलेला पिचर न्यूकंब. चौघेही नॅशुआचे.

आणि हो, कोंबड्यांचं राहिलंच. १९४६ मध्ये गावाजवळच्या एका पोल्ट्रीवाल्यानं जाहीर केलं होतं की नॅशुआच्या खेळाडूनं होम रन मारला की प्रत्येकाला १०० पिल्लं बक्षीस. सीझनमध्ये १३ होम रन मारून कँपानेलानं हजाराच्या वर पिल्लं कमावली. ती त्यानं फिलाडेल्फियाला वडिलांकडे पाठवून दिली, आणि त्यांनी त्यांवर कोंबड्यांचा धंदा सुरू केला.