जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : कोणतं टाकावं, आधी काय तपासावं

दहा-बारा वर्षांपूर्वी पोरांच्या कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप बऱ्याच घरांत कपाटावर पडून आहे. चालू व्हायला पाच-सात मिनिटं, आणि पुढे हँग. त्यात मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागते, इंटेलचा प्रोसेसरही साधारण आठव्या पिढीच्या पुढचा हवा. म्हणजे जुनी मशीन बाद. ती भंगारात घालण्याआधी लिनक्स टाकून पाहायला हरकत नाही. ते फुकट आहे, आणि कॉपी करून शेजाऱ्याला दिलं तरी चोरी होत नाही.

लिनक्स हे एकच सॉफ्टवेअर नाही. गाभा एक, पण त्यावर वेगवेगळ्या मंडळींनी तयार केलेल्या सिस्टीम अनेक. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. पीक एक, वाण वेगळे, तसंच. वाण जमीन पाहून निवडतात, डिस्ट्रो रॅम पाहून.

त्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडावं. तिथे रॅम किती ते दिसतं. त्याखाली सिस्टीम टाइप असतो आणि इथेच गफलत होते. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं लिहिलं असेल तर मशीन ६४-बिटचीच आहे, फक्त विंडोज ३२-बिटचं टाकलेलं आहे. अशा मशीनवर ६४-बिट लिनक्स चालतं.

रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. विंडोज वापरलेल्या माणसाला ती पहिल्या दिवशीच कळते, मेनू खाली डाव्या कोपऱ्यातच असतो. २ जीबी असेल तर लुबुंटू. १ जीबी किंवा खरोखर ३२-बिट प्रोसेसर असेल तर ॲन्टिएक्स. ते ५१२ एमबीवरही उठतं, पण दिसायला साधं आहे आणि सवय लागायला वेळ घेतं. पपी लिनक्स तर पेनड्राइव्हवरूनच रॅममध्ये चालतं. हार्ड डिस्क मेली असेल तर तेवढ्यापुरतं कामाचं.

मात्र सिस्टीम कितीही हलकी घेतली तरी ब्राउझर हलका होत नाही. २ जीबीवर सातबारा काढणं, फॉर्म भरणं, पत्र टाइप करणं होईल. व्हिडिओ लावून बाजूला चार टॅब उघडले की पुन्हा हँग. शक्य असेल तर रॅम वाढवून घ्यावी आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. फरक डिस्ट्रोपेक्षा त्यानेच जास्त पडतो.

टाकण्याची रीत अशी. डिस्ट्रोची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत साइटवरून घ्यावी. मिंटची फाइल जवळपास ३ जीबीची असते, तेव्हा रोजचा डेटा पाहून उतरवावी. रुफस या सॉफ्टवेअरने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं. मग लॅपटॉप चालू करताना एफ१२ (काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करावा. मिंट आणि लुबुंटू इन्स्टॉल न करताही असे चालवून पाहता येतात. वायफाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर इथेच तपासावेत. जुन्या मशीनमध्ये काही वेळा वायफायच लागत नाही. तेव्हा मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं आणि ड्रायव्हर उतरवून घ्यावा.

जे चालणार नाही तेही आधी पाहिलेलं बरं. टॅली, फोटोशॉप आणि श्रीलिपीसारखी विंडोजची सॉफ्टवेअर सरळ चालत नाहीत. डिजिटल सहीचं टोकन किंवा ठशांचं यंत्र वापरणाऱ्याने त्या कंपनीकडे लिनक्सचं विचारून घ्यावं. वर्ड-एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मांडणी थोडी सरकते. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो. कृतिदेवमधल्या जुन्या फाइली वाचायला मात्र तो फॉन्ट लिनक्सवरही टाकावा लागतो.

सगळं जमलं तरच इन्स्टॉलवर जावं. तिथे ‘इरेज डिस्क’ हा पर्याय येतो. त्याचा अर्थ फक्त विंडोज जाणार असा नाही, डी ड्राइव्हसुद्धा जातो. लग्नाचे फोटो, मार्कशीटचे स्कॅन, सोसायटीचा हिशेब, सगळं. तो दाबण्याआधी हे सगळं दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावं, आणि नुसतं कॉपी करून न थांबता दुसऱ्या मशीनवर दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात.