पश्चात्ताप व आज्ञापालन (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती श्रद्धेची दोन अविभाज्य अंगे. पापाकडे पाठ फिरवून देवाकडे वळणे म्हणजे पश्चात्ताप. वळल्यानंतर येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीप्रमाणे जगणे म्हणजे आज्ञापालन. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिन्ही परंपरांच्या मते तारण हे देवाच्या कृपेचे दान आहे, ते स्वतःच्या पुण्याईने कमावता येत नाही. मात्र जी श्रद्धा माणसाला आहे तसाच ठेवते ती जिवंत श्रद्धा नव्हे, असेही तिन्ही परंपरा सांगतात. या दोन गोष्टींची सांगड कशी घालायची, यावर ख्रिस्ती मंडळीत पहिल्या शतकापासून वाद होत आला आहे. त्या वादाचे ग्रंथ पुष्कळ आहेत. पण त्याचा खरा कस लागला तो जमीन, गुलाम, पगार आणि राजसत्ता यांच्याशी गाठ पडली तेव्हाच.

बायबलमधील आधार : मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या प्रचाराचा आरंभच पश्चात्ताप आणि विश्वास या जोड हाकेने होतो (1:15). त्याआधी बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीकाठी हीच हाक देत होता. लूकने या प्रसंगाचा जो तपशील दिला आहे (3:10–14) तो फार महत्त्वाचा आहे. ‘मग आम्ही काय करावे?’ या अर्थाचा प्रश्न लोक तीनदा विचारतात आणि तीनही वेळा उत्तर अगदी व्यवहारातले मिळते. दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये, शिपायाने कोणाला धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात समाधान मानावे. उपासतापास, यात्रा किंवा यज्ञ यांचा इथे उल्लेखही नाही. ज्याचे पाप जिथे घडते, तिथेच त्याने वळायचे आहे.

जक्कयाची कथा (लूक 19:1–10) याच धाग्यावर उभी आहे. यरीहोचा हा मुख्य जकातदार अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे जाहीर करतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे स्वतःहून अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढेच द्यायचे होते (गणना 5:6–7); चौपट भरपाई मेंढीचोराला सांगितली होती (निर्गम 22:1). जक्कयाने स्वतःला चोराच्या रांगेत उभे केले. येशूने त्याच्या घरी तारण आल्याचे म्हटले ते या घोषणेनंतर. पण त्याच्या घरी उतरण्याचे त्याने आधीच ठरवले होते. कृपा आधी आणि परतफेड मागून, हा क्रम पुढच्या साऱ्या धर्मशास्त्राला पायाभूत ठरला.

उलट उदाहरणेही बायबल लपवत नाही. सारे नष्ट करण्याची देवाची आज्ञा असूनही शौल राजा अमालेकांच्या लुटीतली उत्तम गुरेमेंढरे देवाला यज्ञ करण्यासाठी म्हणून राखून ठेवतो. यज्ञापेक्षा आज्ञापालन श्रेष्ठ, असे संदेष्टा शमुवेल त्याला सुनावतो. शौल पापाची कबुली देतो, पण लगेच वडीलधाऱ्यांसमोर आपला मान राखण्याची विनवणीही करतो (1 शमुवेल 15:30). अब्रू वाचवण्यासाठी दिलेल्या कबुलीचे इतके नेमके चित्र धार्मिक साहित्यात क्वचितच सापडेल. यहूदा इस्कर्योतालाही केल्याचे वाईट वाटले आणि त्याने तीस नाणी परत केली. पण ज्या येशूशी फितुरी केली त्याच्याकडे तो वळला नाही. पेत्राने तीनदा गुरूला नाकारले, तो रडला आणि परत आला. पौलाने म्हणूनच देवाकडे नेणारे दुःख आणि मरणाकडे नेणारे दुःख असा भेद केला आहे (2 करिंथ 7:10).

पौल विरुद्ध याकोब असा जो झगडा अनेकदा रंगवला जातो, तो मूळ पत्रे सलग वाचली तर पुष्कळ निवळतो. नियमशास्त्राच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही असे सांगणारा पौल रोमकरांस पत्राच्या आरंभी (1:5) आणि शेवटी (16:26) विश्वासातून येणाऱ्या आज्ञापालनाचीच भाषा वापरतो. याकोब ज्या विश्वासाला मृत म्हणतो तो नुसत्या मान्यतेचा विश्वास आहे. देव एकच आहे हे तर भुतेही मानतात, असे तो बजावतो (2:19). दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात.

मंडळीची शिस्त : बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या मोठ्या पापाचे काय, हा प्रश्न दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात आढळतो. बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची एकच संधी, असे त्याचे उत्तर आहे. सम्राट डेसियसच्या 250 मधील छळात ज्यांनी रोमन देवतांना बळी अर्पण केले, त्यांना परत घ्यावे की नाही यावर मंडळी दुभंगली. रोममधील नोव्हेशनने दार बंद ठेवण्याचा आग्रह धरला, तर कार्थेजच्या सिप्रियनने दीर्घ प्रायश्चित्तानंतर ते उघडण्याचा मार्ग स्वीकारला आणि मुख्य प्रवाह त्याच्या बाजूने गेला. 390 मध्ये थेस्सलोनिका येथे नागरिकांची कत्तल करवणाऱ्या सम्राट थिओडोसियसला मिलानचा बिशप अँब्रोज याने प्रभुभोजनापासून दूर ठेवले. जाहीर प्रायश्चित्त घेतल्यावरच सम्राटाला परत प्रवेश मिळाला. पुढे जाहीर प्रायश्चित्त मागे पडले आणि धर्मगुरूपाशी खाजगी पापनिवेदन रूढ झाले. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून एकदा सक्तीचे केले.

ल्यूथर आणि नंतर : 31 ऑक्टोबर 1517 रोजी मार्टिन ल्यूथरने विटेनबर्ग येथे मांडलेल्या 95 प्रबंधांपैकी पहिलाच पश्चात्तापाविषयी आहे. श्रद्धावंताचे सारे आयुष्यच पश्चात्ताप असावे, हा त्याचा आशय. योहान टेट्झेल त्या काळी विकत असलेल्या, पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या क्षमापत्रांवर त्याचा रोख होता. म्हणजे धर्मसुधारणेचा आरंभ पश्चात्ताप सोपा करण्यासाठी नव्हे, तर तो स्वस्त झाला म्हणून झाला. ल्यूथरच्या वारशाविषयी बोलताना ही गोष्ट वारंवार विसरली जाते. त्याने 1522 मध्ये याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हणून हिणवले, हे खरे. पण त्याचाच सहकारी योहान आग्रिकोला जेव्हा दहा आज्ञांची जागा न्यायकचेरीत आहे, व्यासपीठावर नाही, असे शिकवू लागला, तेव्हा 1537 ते 1540 या काळात ल्यूथरने त्याच्याविरुद्ध एकामागून एक वादसभा घेतल्या. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या मते पश्चात्ताप श्रद्धेतूनच उपजतो. ‘ख्रिस्ती धर्माचे मूलतत्त्व’ या ग्रंथात तो नीतिमान ठरण्याच्या आधी पश्चात्तापाची चर्चा करतो, ती जाणूनबुजून.

कॅथलिक पक्षाने ट्रेंट परिषदेत 1547 मध्ये नीतिमान ठरण्याविषयी आणि 1551 मध्ये प्रायश्चित्त संस्काराविषयी आपली भूमिका निश्चित केली. मनापासूनचे दुःख, पापनिवेदन आणि भरपाई ही प्रायश्चित्त घेणाऱ्याची तीन कृत्ये तिने सांगितली. लुथरन व कॅथलिक यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: स्वीकार केवळ कृपेने, पण कृपा माणसाला सत्कर्मासाठी सज्ज करते. मेथडिस्ट 2006 मध्ये त्यात सामील झाले.

परतफेडीचा कस : बार्तोलोमे दे लास कासास हे या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. 1502 मध्ये हिस्पॅनिओला बेटावर आलेला हा स्पॅनिश वसाहतवाला पुढे धर्मगुरू झाला, तरी त्याच्या ताब्यात स्थानिक लोक वेठबिगार म्हणून राबत होते. अशी माणसे बाळगतो म्हणून एका डॉमिनिकन साधूने त्याला पापक्षमा नाकारली. तेव्हा त्याने वाद घातला आणि आपलेच खरे केले. 1514 मध्ये क्यूबात प्रवचनाची तयारी करताना सिराखच्या पुस्तकातील 34 वा अध्याय त्याच्या वाचनात आला. गरिबाच्या तोंडचे हिरावून देवाला वाहिलेले अर्पण म्हणजे खून, असा त्याचा आशय आहे. त्याने आपल्या ताब्यातले लोक सोडून दिले आणि 15 ऑगस्टच्या प्रवचनात ते जाहीर केले. पुढे चियापासचा बिशप झाल्यावर त्याने पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूंसाठी नियम लिहिले: वसाहतवाल्याने लुटलेले परत करण्याची कायदेशीर हमी दिल्याशिवाय त्याला, मृत्युशय्येवरही, पापक्षमा देऊ नये. वसाहतींत यावरून संतापाचा डोंब उसळला. लास कासासचा पश्चात्ताप तिथेच संपला नाही. स्थानिकांचा भार हलका करण्यासाठी आफ्रिकी गुलाम आणावेत अशी सूचना त्याने स्वतःच केली होती. तीही तितकीच अन्यायाची होती, हे त्याने उतारवयात आपल्या ‘इंडीजचा इतिहास’ या ग्रंथात लिहून ठेवले.

पश्चात्ताप एका क्षणात पुरा होत नाही, हे जॉन न्यूटनच्या चरित्रातून अधिकच जाणवते. 1748 च्या वादळात देवाचा धावा करणारा हा इंग्रज खलाशी त्यानंतरही 1754 पर्यंत गुलामांच्या जहाजांवर होता, त्यांतल्या काही सफरींत कप्तान म्हणून. 1764 मध्ये त्याला दीक्षा मिळाली. त्या व्यापाराविरुद्धची त्याची पुस्तिका निघाली ती 1788 मध्ये, म्हणजे वादळानंतर 40 वर्षांनी. तिच्यात त्याने स्वतःचा सहभाग उघडपणे मांडला आणि संसदेच्या चौकशीसमोर साक्षही दिली.

आज्ञा कोणाची? : जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहॉफर (1906–45) याचा ‘अनुसरण’ हा ग्रंथ 1937 मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्याची फिंकेनवाल्डे येथील पाठशाळा गेस्टापोने बंद केली. पश्चात्तापावाचून क्षमा, शिस्तीवाचून बाप्तिस्मा आणि क्रूसावाचून कृपा देणाऱ्या प्रवचनांना त्याने स्वस्त कृपा म्हटले. ल्यूथरचे शब्द जसेच्या तसे उच्चारून त्याच्या म्हणण्याचा अर्थ उलटा करता येतो, हे त्याने दाखवले. विश्वास आणि आज्ञापालन यांना आधी-नंतर अशा पायऱ्यांत वेगळे करता येत नाही, ही त्याची मध्यवर्ती मांडणी आहे. ही पुस्तकी चर्चा नव्हती. त्या काळी जर्मन चर्चमधील अनेकजण शासनाची आज्ञा हीच देवाची आज्ञा मानण्याच्या वाटेवर होते. त्याविरुद्ध 1934 च्या बार्मेन घोषणापत्राने ख्रिस्ताखेरीज दुसरा स्वामी नाकारला होता. हिटलरविरोधी कटात सामील झालेल्या बॉनहॉफरला 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्ग छावणीत फाशी देण्यात आले. युद्ध संपल्यावर 19 ऑक्टोबर 1945 रोजी प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी श्टुटगार्ट येथे अपराधाची कबुली दिली. तिच्यात ज्यूंचा उल्लेख नव्हता. ज्याचा अपराध केला त्याचे नावही न घेणारी ही कबुली अपुरी होती, ही टीका रास्तच आहे.

अमेरिकेतील इव्हँजेलिकल वर्तुळात याच प्रश्नावर 1980 च्या दशकाअखेर वाद पेटला. ख्रिस्ताला प्रभू म्हणून शरण गेल्याशिवाय तारक म्हणून स्वीकारता येत नाही, असे जॉन मॅकार्थर यांनी 1988 मध्ये मांडले. झेन हॉजेस आणि चार्ल्स रायरी यांनी 1989 मध्ये कृपेत अटी मिसळल्याचा आक्षेप घेतला. हॉजेस यांची भीती अगदीच अनाठायी नाही. आज्ञापालनाचा हिशेब ठेवू लागलेला भाविक धास्तीने खचतो किंवा अहंकाराने फुगतो, याची उदाहरणे चर्चच्या इतिहासात ढिगाने आहेत. तरीही पश्चात्ताप वगळून उरणारी श्रद्धा शुभवर्तमानांतल्या हाकेशी जुळत नाही.

महाराष्ट्रात : पंडिता रमाबाईंनी (1858–1922) आज्ञापालनाचा प्रश्न मुळापासून विचारला. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवावी हा आग्रह एका बाजूला आणि रमाबाईंची सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या बाजूला आहे. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसरे तसेच जोखड त्या घेणार नव्हत्या. देवाचे वचन पाळणे आणि पाद्र्यांचे म्हणणे पाळणे या वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी स्पष्ट कळवले. यात उद्धटपणा पाहणाऱ्यांनी त्यांचे पुढचे आयुष्य पाहावे. ही पत्रे ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.

बाप्तिस्मा घेऊनही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे रमाबाईंनी 1907 च्या आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी निराधार मुली व विधवा केडगावला आणल्या. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. जून 1905 मध्ये या वसतीत मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली रडत, उघडपणे पापे कबूल करीत, रात्र रात्र प्रार्थना करीत. परदेशी निरीक्षकांचे लक्ष बहुधा अन्यभाषांत बोलण्यासारख्या अद्भुत गोष्टींकडे गेले. मुक्तीत मात्र अन्यभाषा ही पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची अट मानली गेली नाही. मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत प्रचाराला जाऊ लागल्या आणि सदनातली शेती, विणकाम, छपाई, आजाऱ्यांची सेवा चालूच राहिली.

कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनची नोकरी केली. ख्रिस्ताच्या मागे जाणे आणि मिशनच्या पगारावर राहणे यांचा मेळ त्यांना उत्तरोत्तर बसेना. 1917 मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. 1919 मध्ये त्यांच्या निधनापर्यंत हे काम चालले.